दोऱ्या बांधलेलं वाळूचं घड्याळ

आज सकाळी स्टेशनकडे उतरताना रस्त्याच्या कडेचे दगड कापण्याचं काम चाललं होतं. पिवळ्या हेल्मेटमधला एक माणूस फिरत्या पात्यावर पाणी सोडत होता, दुसरा कमरेत वाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांची माफी मागत त्यांना बाजूने वाट दाखवत होता, आणि ओल्या, किंचित जळक्या भुकटीचा वास उतारभर पसरला होता. दगडाला वास नसतो असं लोक म्हणतात. कापलेल्या दगडाला असतो. माझ्या लहानपणी तो आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला होता; आईच्या पदराला, माझ्या दप्तराला, कधीकधी भाकरीलासुद्धा. इथे जपानात, कोबेत आल्यावर तो मला टेकडीवरच्या एका लहानशा दफनभूमीत पुन्हा भेटला. त्यानंतर मात्र तो आला की मी पाय उचलते आणि पुढे निघून जाते. आज निघाले नाही. उभी राहिले, आणि गाडी चुकली.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि लिहिताना अजूनही कुणीतरी मागून वही बघतंय असं वाटतं. पण सुरुवात आईपासूनच करावी लागेल. बार्शीकडच्या आमच्या गावात आई पाटे-वरवंटे घडवून विकायची आणि आसपासची गावं फिरून जुन्यांना टाकी लावून द्यायची. ज्यांच्या घरात फक्त मिक्सर आहे त्यांच्यासाठी सांगते. वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो, मग मिरची त्यावर नुसती घसरत राहते. तेव्हा पोलादी टाकीने त्याच्या अंगावर पुन्हा बारीक खाचा उठवाव्या लागतात. आई म्हणायची, "गुळगुळीत झाला की दगूड मेला म्हणायचा. टाकी लावली की उठून बसतो." सुट्टीत मीही तिच्यासोबत बसायची. मी डावखुरी, त्यामुळे माझ्या खाचा उलट्या तिरप्या पडायच्या. कुणाच्या परसात पडलेला पाटा बघून आई हात ओळखायची. हा थोरल्या जावेचा, हा कुणा घाईच्या माणसाचा. माझ्या कामाकडे बघून हसायची. "तुझं काम आंधळ्यालाबी बोटानं कळंल."

दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा सत्काराच्या सभेत प्रत्येक वक्ता म्हणाला, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आई पुढच्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. घरी परतताना म्हणाली, "सोसणाऱ्याचंच बोलत्यात समदी. घालणाऱ्याचं हात दुखत्यात, त्ये कोण बोलत न्हाई."

दगडाचं हे घरातलं ज्ञान घेऊन मी जुन्या वास्तूंचं जतन शिकायला इथवर आले. इथल्या गणपतीत भेटणाऱ्या एक काकू मला दरवर्षी विचारतात, "म्हणजे नेमकं काय शिकतेस गं?" मी सांगते, जुने दगड कसे राखायचे ते. "अच्छा. त्याला स्कोप आहे का?" मोदक तोंडात असल्यामुळे मला दरवर्षी मान हलवता येते.

त्या टेकडीवर एक स्कॉटिश चर्च होतं. करड्या दगडाचं, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणाऱ्या त्रिकोणी भिंतीचं, पाटीच्या दगडाच्या छपराचं. बंदर नवं होतं तेव्हा बोटींवर काम करणाऱ्या स्कॉटिश इंजिनियरांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी ते आपल्या गावच्या चर्चसारखं बांधून घेतलं, आणि त्याच्यामागे आपली माणसं पुरली. तिथले दगड पहिल्यांदा बघितले तेव्हा मी दचकले होते. नांगर, गुण्या, कंपास हे ठीक होतं. पण कवटी, फुलीसारखी ठेवलेली हाडं आणि मधेच पंख फुटलेला एखादा गोबरा चेहरा. मरणाला इतकं उघडं कोरून दारात उभं करणारी माणसं मला आधी निर्दय वाटली. पुढे रोज जाऊ लागल्यावर वाटलं, परक्या मुलखात मरताना निदान मरण तरी ओळखीच्या चेहऱ्याचं असावं, एवढीच त्यांची इच्छा असेल. चर्चला येणारी आता नऊ माणसं उरली होती, सगळी म्हातारी. जागा सोडायचं ठरलं होतं. फक्त एक आशा होती. जुन्या वास्तू तपासणारी एक समिती येऊन पाहणार होती, आणि तिने शिफारस केली तर दफनभूमी तरी आहे तिथे राहणार होती. आमच्या प्राध्यापकांनी दगडांची मोजणी आणि नोंद माझ्याकडे दिली.

तिथे मला एक आजोबा भेटले. ऐंशीच्या पुढचे, बोटं आखडलेली, पायात अंगठा वेगळा असलेले कामगारांचे कापडी बूट. पिढीजात पाथरवट. तिथले निम्मे दगड त्यांच्या आजोबांनी, स्कॉटिश माणसांनी आणून दिलेली चित्रं बघून कोरले होते, आणि दुकान बंद झाल्यावरही हे रोज येऊन शेवाळ काढत, पानं गोळा करत. मी कागदावर क्रमांक लिहिताना बघून त्यांनी पहिल्याच दिवशी टोमणा मारला, "इंदो-सान, नंबरने हाक मारली तर यातलं कुणी ओ देणार नाही." इंदो म्हणजे भारत, सान म्हणजे आपलं 'जी'; माझं नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही, किंवा त्यांनी तसा प्रयत्न केला नाही.

मी त्यांना आईबद्दल सांगितलं. टाकीबद्दल सांगितलं. ते फार मन लावून ऐकत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडात गुंडाळलेली आपली हत्यारं आणली आणि कुंपणाजवळच्या एका बेवारस तुकड्यावर मला चालवायला दिली. माझा डावा हात बघून म्हणाले, "उलटी आहेस." मी म्हटलं, "आईपण असंच म्हणते." ते खोकत खोकत हसले.

सगळ्यात कोपऱ्यात एक लहान दगड होता, एका कप्तानाच्या चार वर्षांच्या मुलाचा. बाकीचे दगड कठीण, इथल्याच मिकागेच्या डोंगरातले; हा एवढा खाडीपलीकडचा, मऊ, वाळूचा. त्यावर एक आकृती होती. वरखाली रुंद, मधे बारीक. मला तो सरळ डमरू वाटला. आजोबांनी गोष्ट सांगितली. कप्तानाने कागदावर वाळूचं घड्याळ काढून दिलं होतं. वेळ संपली, एवढं सांगणारं. त्यांच्या आजोबांनी वाळूचं घड्याळ उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं हा त्सुझुमी, आपला हातात धरून वाजवायचा ढोल. पोराला आवडत असेल. म्हणून त्यांनी त्याला दोन्ही तोंडांना ताणलेल्या दोऱ्याही कोरल्या. कप्तान आला, बराच वेळ बघत उभा राहिला, मग डोक्यावरची टोपी काढली आणि काही न बोलता गेला. दगड तसाच राहिला. आमचे प्राध्यापक म्हणत, बाकी काही नसलं तरी हा एक दगड ती जागा वाचवेल. दोन मुलखांची गाठ एका माणसाच्या हातात पडल्याचा असा पुरावा दुसरीकडे नाही.

पण तो दिसत नव्हता. वाऱ्यापावसाने दोऱ्या जवळजवळ मिटल्या होत्या, अक्षरं बोटाला लागत पण डोळ्याला नाही. समिती गुरुवारी येणार होती. मंगळवारी प्राध्यापक कडेने दिवा धरून बघत स्वतःशीच पुटपुटले, "एवढं पुसट असेल तर त्यांना दाखवणार काय." हे वाक्य मी बुधवारी सकाळपर्यंत डोक्यात घेऊन फिरत होते. बुधवारी आजोबा दवाखान्यात गेले होते. हत्यारांचं कापड कुंपणाजवळ होतं.

मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. झिजलेला दगड हात न लावता राखायचा, हे मी वर्गात लिहून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण वर्गातलं ज्ञान माझ्या वहीत होतं, आणि दुसरं हातात. मी त्या मुलाच्या दगडासमोर बसले आणि मला फक्त एक गुळगुळीत झालेला, मेलेला दगड दिसला. आणि गुरुवार जवळ होता. आमच्याकडच्या काळ्या दगडाला टाकी लागते तेव्हा हात झणझणतो. इथे पहिलाच घाव लोण्यात गेल्यासारखा गेला. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी दीड तास थांबले नाही. एकेक दोरी उठवली, एकेक अक्षर. खरं सांगते, त्या दीड तासात मी जितकी सुखात होते तितकी या देशात कधीच नव्हते.

आजोबा आले तेव्हा त्यांच्या हातात कोंबिनीतून, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले दोन भाताचे गोळे होते, एक माझ्यासाठी. ते बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता टोपी काढतील. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि अंगठा दोरीवरून फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"हात चांगला आहे," ते म्हणाले.

"दिसतंय ना आता?" मी विचारलं.

"दिसतंय." भाताचा गोळा माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "खा."

गुरुवारी समितीतल्या एका बाई त्या दगडाशी वाकल्या आणि बोट लावून लगेच सरळ झाल्या. "हे ताजं आहे. कुणी केलं?" प्राध्यापकांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडलं. निदान मला तसं आठवतं. शिष्यवृत्ती, व्हिसा, गावात आईने सगळ्यांना सांगून ठेवलेलं, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तेवढ्यात आजोबा पुढे होऊन खोल वाकले. "मी केलं. म्हाताऱ्याचा मूर्खपणा. माफ करा." बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याच आजोबांचं काम होतं ना हे?" ते वाकलेलेच होते. प्राध्यापकांनी त्यांच्या आखडलेल्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या डाव्या हातातल्या पेनाकडे. मग वहीत काहीतरी लिहिलं.

शिफारस झाली नाही. बारा दगड सार्वजनिक दफनभूमीच्या एका भिंतीला ओळीने टेकवून ठेवले. चर्चचा दरवाजा आणि एक खिडकी कुठल्याशा गोदामात आहे. बाकीचे दगड, ज्यांना जुनेपण राहिलं नाही किंवा मागे कुणी नाही असे, भरडायला गेले. इथे तसंच करतात. आधी विधी करतात, नीट हात जोडतात, आणि मग त्यांची खडी रस्त्याखाली जाते. वाळूचं घड्याळही त्यातच गेलं. शेवटच्या दिवशी आजोबा बादली आणि कुंचला घेऊन आले होते, जाणारा प्रत्येक दगड धूत होते. मी शेजारी उभी राहून म्हटलं, मी सांगते त्यांना, अजूनही सांगते. ते म्हणाले, "आता सांगून त्याला काय उपयोग?" बोट त्या लहान दगडाकडे होतं. "पाणी आण." मी पाणी आणलं. त्यानंतर ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. मी पाठवलेल्या पत्राला उत्तर आलं नाही, आणि मी दुसरं पाठवलं नाही.

मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे की त्या जुन्या पाथरवटाच्या चुकीत आणि माझ्या चुकीत फरक काय. दोघांनीही जे माहीत होतं तेच दगडावर कोरलं. त्याच्या चुकीला एका बापाने राहू दिलं, मग ऊन लागलं, पाऊस लागला, शेवाळ आलं, आणि ती मोलाची झाली. माझ्या चुकीला एक रात्र मिळाली. हे उत्तर पुरेसं नाही, हेही मला कळतं. कारण त्याने आपली चूक दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली नव्हती.

मागच्या रविवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला होता. ती म्हणाली, "येवढी शिकलीस, तिथं काय काम करतीस त्ये दाव की कवा." प्राध्यापकांचा अहवाल छापून आला आहे, दगडांच्या फोटोंसकट. मी घाईघाईत पानं उलटत होते आणि कॅमेरा त्या लहान दगडाच्या पानावर थांबला.  आईने फोन डोळ्यांजवळ नेला असावा, कारण मला फक्त तिचं कपाळ दिसू लागलं.

"ही तुझी टाकी हाय."

मी पान उलटायला बोट लावलं.

"उलटी हाय की. कुणाला शिकवतीस? दगूड मऊ दिसतोय, पर हात बेस बसलाय." ती खूश होती. आवाजात तोच पुढच्या रांगेतला अभिमान होता. "आन् खाली काय लिवलंय? तुझं नाव हाय व्हय?"

आईला वाचता येत नाही. मराठीही नाही, मग ही चित्रासारखी अक्षरं तर सोडाच. मी हो म्हटलं असतं तर ती गावभर सांगत फिरली असती, आणि जगात कुणालाच कळलं नसतं. मी ती ओळ तिला मराठीत वाचून दाखवली. देखभाल करणाऱ्या वृद्ध कारागिराने नव्याने कोरल्यामुळे मूळ काम नष्ट.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. "त्यो म्हातारा हाय का अजून?" तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "इचार की मग," आणि फोन ठेवला.

खाली स्टेशनवर पुढची गाडी लागली आहे. तो वास अजून माझ्या ओढणीला आहे. कापून झालेले दगड कामगारांनी रस्त्याच्या कडेला ओळीने बसवले आहेत आणि त्यांच्याखाली खडी पसरली आहे. करडी, काळी, मधेच एखादा फिकट, वाळूच्या रंगाचा तुकडा. मी वाकून तो उचलला नाही. माफी मागणाऱ्या त्या माणसाने पुन्हा माझ्यापुढे कमरेत वाकून बाजूने जायला सांगितलं, आणि मला त्याच्याकडे बघवलं नाही.