ओट्याचा सौदा

दिल्लीत, मुनिरक्यातल्या आमच्या गल्लीत माझ्या मेससमोर एक ओटा होता. तो मीच बांधून घेतला होता. घरमालक म्हणाला होता, "गली मेरी नहीं है मैडम, मैं क्या बोलूँ," आणि मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. नवरा फौजेतून निवृत्त होऊन गावी परतला, मी परतले नाही. दोन डब्यांपासून मेस उभी केली. भाजीवाला असो की गॅसवाला, त्याने पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला मी कधी हो म्हटलं नाही. गल्ली माझ्या तोंडाला घाबरायची.

आत जागा कमी. स्पर्धा परीक्षेची आपल्याकडची पोरं-पोरी नंबर लागेपर्यंत ओट्यावर बसायची. निकालाच्या दिवशी मात्र ओट्याचं काम वेगळं असायचं. यादीत ज्यांचं नाव नसे ती जेवून बाहेर येऊन बसायची. खोलीवर जाववत नसे, घरी फोन करवत नसे. मी कुणाला काही विचारायची नाही. चहाची किटली बाहेर ठेवायची, एवढंच.

मग गल्ली सुधारायची ठरली. एका संस्थेची मुलगी टॅब घेऊन आली. इथल्याच, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वाढलेली, मराठी, पण अर्धं वाक्य हिंदीत. त्यांनी खांबांवर कॅमेरे लावले होते. लोक कुठून चालतात, कुठे अडतात, कुठे थांबतात, सगळं नकाशावर रंगात दिसत होतं. माझ्या दारासमोरचा भाग लालभडक होता.

"काकू, पूरी गल्लीत लोक सगळ्यात जास्त इथे थांबतात."

"थांबणारच. ओटा आहे."

"हां, पण हा चबूतरा रस्त्यात येतो. ई-रिक्षा इथेच अडकतात. काढावा लागेल."

मी पदर खोचला. ओटा देते, पण बदल्यात पाठ टेकता येईल असे दोन बाक, वर सावली, आणि तो विजेचा खांब बाजूला.

ती हसली. "काकू, ही सब्जी मंडी नाही."

"मग विचारायला कशाला आलीस? विचारलं की सौदा सुरू होतो."

खांब हलला नाही. बाक मिळाले, सावली मिळाली. म्हणजे तिच्या टॅबवरच्या चित्रात मिळाली. माझं दार, समोर बाक, बाकावर बसलेली माणसं. समोरचा न्हावी म्हणाला, "दीदी, पहले लेना, फिर देना." त्याच्या दुकानालाही दगडी पायरी होती, त्याने ती काढली नाही. मी आजवर त्याच्याच नियमाने वागत आले होते. पण नकाशात माझी जागा लाल होती आणि पोरगी आपली होती. मी दोन मजूर बोलावले आणि एका सकाळीत ओटा फोडून टाकला.

काम सुरू व्हायच्या आधी त्यांनी जमिनीवर रंगाचे पट्टे मारले, कुंड्या ठेवल्या आणि पुन्हा मोजणी केली. चाचणी म्हणे. त्या दिवसांत पोरं यायची, दाराशी उभी राहायची, कंटाळून न्हाव्याच्या पायरीवर जाऊन बसायची. काही तिथूनच पलीकडच्या मेसमध्ये गेली.

मुलगी पुन्हा आली तेव्हा टॅब बराच वेळ छातीशी धरून उभी होती.

"काकू, बाक थोडे आगे जातायत. न्हाव्याच्या बाजूला. नवीन डेटात लोक तिकडे थांबतात."

"तिकडे पायरी आहे. इकडे ओटा होता, तो तू काढवलास."

"मला माहीत आहे. मी बोलले पण. ऑफिसवाले म्हणतात, मंजुरी लेटेस्ट मोजणीवरच होते."

मी राग यायची वाट बघितली. एरवी तो माझ्याआधी दारात पोचतो. आला नाही. गॅसवर डाळ होती, ती उतू जाईल एवढंच डोक्यात होतं. मी तिला विचारलं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. मी ताट वाढलं. ती खाली मान घालून जेवली, आणि मी पैसे घेतले.

गल्ली सुधारली, हे मी नाकारत नाही. रिक्षा अडकत नाहीत. म्हाताऱ्या बायका मधोमध चालतात. न्हाव्यासमोरचे बाक चांगले आहेत, पाठ टेकता येते. दाढीची गिऱ्हाइकं बसतात, पेपर वाचतात.

त्यानंतरच्या निकालाला, ज्यांची नावं आली ती पेढे घेऊन आली. बाकीचं कुणीच आलं नाही. मी सवयीने किटली भरली होती. ती तशीच गार झाली, मी ती मोरीत ओतली. तेव्हाही काही वाटलं नाही. हात धुतले.

दोन दिवसांनी त्या संस्थेच्या मुलीला फोन केला. आता एकच विचारायचं होतं, आधी विचारायला हवं होतं ते. "मोजणी पुन्हा कधी?"

"थंडीनंतर एक होईल, काकू. कॅमेरे आहेतच. पण तिथे लोक थांबताना दिसले पाहिजेत."

दुपारची पंगत उठली की आता मी ओट्याच्या जागी जाऊन उभी राहते. पाय दुखतात. न्हावी आरशातून बघतो.

काल नांदेडचा मुलगा आला. चार वर्षं माझ्याकडे जेवतो, यादीत याही वेळी नव्हता, आणि निकालापासून दिसला नव्हता.

"काकू, उन्हात काय करताय?"

"थांबलेय."

"कुणासाठी?"

मी खांबावरचा कॅमेरा दाखवला. त्याने वर बघितलं, मग न्हाव्याकडच्या रिकाम्या बाकाकडे.

"तिकडे बसा की."

"तू बस जा."

तो गेला नाही. पाठीवरची बॅग त्याने पायाशी ठेवली आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "चहा मिळेल?"

"मिळेल. पण इथेच उभ्याने प्यायचा."