सोनाजीनानांचा कोंडवाडा

आमच्या शाळेच्या फाटकात स्टुलावर जे नाना बसतात, ते शाळेचे नोकर नाहीत. ते तिथं जामीन राहिलेले आहेत. दरवर्षी नव्या पालकांना हे समजावून सांगताना माझं तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सोनाजीनाना माझ्याच गावचे, पिशोरचे. जन्म मेंढरांमागं गेला. पहिल्या मोठ्या दुष्काळात जनावरांच्या छावण्या उघडल्या, गाईबैलांची नावं लागली. मेंढरांना कुणी विचारलं नाही. नानांनी कळप विकला आणि इथं शहराबाहेर, शेंद्र्याच्या रस्त्याला एका बांधकामावर राखणदार म्हणून आले. तिथं रोज टँकर यायचा आणि नव्या भिंतींवर पाणी मारलं जायचं. नाना ते बघत उभे राहायचे. मला म्हणाले, "मास्तर, गावाकडं माणसाला नाय, आन् इथं भिंतीबी पाणी पितात व्हय!"

मास्तर म्हणजे मी. जवळच्याच एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवतो. शाळा आप्पासाहेबांची. नानांची मुलगी सृष्टी आठवीला आमच्याकडं आली. ती दहावीत असताना दुष्काळ पुन्हा आला आणि या खेपेला शहरातच येऊन गाठला. भिंतींचं पाणी तुटलं, बांधकाम थांबलं, नानांचा पगार थांबला आणि अर्थातच सृष्टीची फी.

पोरगी मात्र थांबली नाही. चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा, आणि आप्पासाहेबांचा हुकूम होता की फी बाकी असेल तर दाखला नाही. मुख्याध्यापिका मंजुषा मॅडमनी नानांना ते शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. मॅडम काही दुष्ट नव्हत्या. फी आली नव्हती म्हणून त्यांचा आणि माझाही पगार अडकलेलाच होता.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी कोंडवाड्यात घातला म्हना की. बराबर हाय," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी नाना हजर. सोबत सृष्टी, जुना गणवेश, पाठीला दप्तर.

"नाना, अहो, ती पास झाली!" मॅडम म्हणाल्या.

"व्हय. पन तुम्ही कोंडली ना तिला? आता चारापानी तुमच्याकडं."

"दाखला ठेवलाय आम्ही. मुलगी कुठं ठेवलीय?"

"दाखल्याबिगर ती जानार कुठं, बाई? गावात मेंढरू कुणाच्या पिकात घुसलं तर पंचायत कोंडती. पन दंड भरेस्तोवर वैरन पंचायतीची. उपाशी ठेवलं तर पंचायतीला बोल लागतो. शिकवा हिला."

यात टोमणा नव्हता, हीच तर गंमत. पेपरवाल्यांनी याला आंदोलन म्हटलं असतं आणि नाना त्यांच्यावर रागावले असते. त्यांना खरंच वाटत होतं की शाळा म्हणजे पंचायत आणि नियम सगळीकडं एकच असतो.

सृष्टी नव्या दहावीच्या शेवटच्या बाकावर बसू लागली. मी फळ्यावर लिहीत असलेली गणितं तिला तोंडपाठ होती. ती खिडकीबाहेर बघायची. मधल्या सुट्टीत नाना फाटकातून ओरडायचे, "जेवली का?" मग मॅडम आपल्या डब्यातली पोळी मोडून तिच्यापुढं सरकवायच्या. आम्हा शिक्षकांची तर चंगळ झाली. आप्पासाहेबांना कुणीतरी परस्पर शिंगावर घेतलं होतं; नानांचा कोंडवाडा आम्ही चहाबरोबर पुरवून पुरवून खाल्ला. सृष्टीला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

आयटीआयला कागद दाखवायचा शेवटचा दिवस उजाडला. मॅडम सकाळीच आल्या आणि कपाट उघडून दाखला काढला. "न्या नाना. आप्पासाहेबांचं मी बघून घेईन."

आणि नाना एक पाऊल मागं सरकले!

"दंड न भरता? नाय बाई. दंडाबिगर सोडवलेलं जनावर चोरीचं असतं. वर तिच्या पोळ्यांची खुराकी ऱ्हायलीच."

"नाना, आज शेवटचा दिवस आहे!" मी म्हणालो.

"मास्तर, तुम्ही तर गावचे. तुम्हाला तरी कळाया पायजे."

मॅडमच्या हातात दाखला तसाच. इतके दिवस ज्या नियमावर आम्ही हसत होतो, तोच आता दाराला आडवा झाला होता.

"बाबा," दारातून सृष्टी म्हणाली. "मी कुणाच्या पिकात घुसले होते?"

नानांनी मान वळवली. "आगं, तसं नाय..."

"मग कसं? मेंढरू हाय का मी? पेपर मी लिहिले. कागदावर नाव माझं हाय. फी म्हंजी तुमची आन् शाळेची बोली. तुम्ही दोघं मिटवा. मला कामून मधी बांधता?"

तिनं मॅडमपुढं हात केला. मॅडमनी दाखला दिला. तिनं तो दप्तरात घातला आणि स्टेशनकडं जाणाऱ्या रिक्षात जाऊन बसली. बापाकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

नाना तिच्यामागं फाटकापर्यंत आले. मग म्हणाले, "पोरगी मेंढरू नाय, हे खरं. पन बोली मपली हाय." आणि फाटकातल्या स्टुलावर बसले. "फिटेस्तोवर मी बसतो."

मॅडमनी परोपरीनं सांगून पाहिलं. नाना हलेनात. बसल्या बसल्या त्यांनी कुत्री हाकलली आणि शाळा सुटताना पोरांना रांगेनं रस्ता पार करून दिला. दाखला दिल्याचं कळताच संध्याकाळी आप्पासाहेब तणतणत आले. लासूरकडचे जमीनदार, आवाज मोठा. फाटकातच थबकले.

"हा कोण?"

"कोंडलेला आहे, साहेब," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

आप्पासाहेबांनी नानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मॅडमवर ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून वेगळंच निघालं, "मग चहा दिला का त्याला?"

पुढं पाऊस झाला, बांधकामं सुरू झाली, फी फिटली. सृष्टी आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात आहे. जाता-येता फाटकाशी थांबून म्हणते, "बाबा, सुटलात की कवाच!" नाना हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर असतात.

आप्पासाहेब सुधारले वगैरे नाहीत. दाखले अजूनही अडतात. गेल्या जूनमध्ये एक बाप पोरीला घेऊन रिकाम्या हातानं ऑफिसातून बाहेर आला आणि फाटकात नानांपुढं आपली कर्मकहाणी सुरू केली. मी कान टवकारले. म्हटलं, आता कोंडवाडा निघणार.

नानांनी हात वर करून त्याला थांबवलं. स्टुलावरून उठले, पोरीला तिथं बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"तुम्ही थांबा हो जरा," ते बापाला म्हणाले. "हां बाई, तू सांग. तुला कुठं जायचंय?"