निळी नखं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, देवापुढेही नाही. तुम्ही म्हणाल, बाई एवढी बोलते, मग हेच कसं पोटात राहिलं? राहिलं खरं.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीत समोर शालन राहायची. एकटी बाई. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणायची आणि दारात बसून धागे कापायची. एका दुपारी कुणीतरी तिचा गळा आवळला. मी तेव्हा गॅलरीत मिरच्या वाळत घालत होते. तिच्या घरातून एक माणूस निघून जिना उतरला — पाठ दिसली, चौकडीचा शर्ट दिसला. बस. एवढंच दिसलं. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागेल.

पोलिसांना मी पाठच सांगितली होती, खोटं कशाला बोलू? पण शालनची आई आली, माझे पाय धरले. "ताई, तुम्ही बघितलाय त्याला. माझ्या पोरीला तुमच्याशिवाय कोण आहे?" मग मीच पुन्हा पोलीस ठाण्यात गेले आणि म्हटलं, वळताना चेहराही दिसला होता. इतकं सोपं असतं बघा.

महिन्याभरात चाळीत बातमी — जीन्स रंगवायच्या कारखान्यातला एक पोरगा धरलाय, गठ्ठ्यांवरून शालनशी भांडला होता म्हणे. आणि मला जेलमध्ये ओळख परेडला बोलावलं.

मला वाटलेलं, कुणी कानात सांगेल, दरडावेल. कुणी म्हणजे कुणी नाही! परेड घेणारे साहेब इतके सज्जन, पोलिसांनासुद्धा बाहेर काढलं. "सावकाश बघा मावशी, घाई नाही. यात नसेल तर नाही म्हणा." सात माणसं उभी. एकाच उंचीची, एकाच रंगाची, सगळ्यांना मिशा. काय नेमकं काम! मी थक्क झाले. चेहरे फिरून फिरून पाहिले, एकही ओळखीचा नाही. असणार कसा?

मग मान खाली गेली, आणि हात दिसले. सहा जणांची नखं साधी. एकाची निळी, पार कडेपर्यंत. जीन्सचा तो रंग साबणाने जात नाही, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उंची मापली, मिशा मापल्या — हात कुणी पाहिलेच नव्हते.

मी बोट केलं. "हाच तो."

कोर्टात परत तेच. त्याचा वकील म्हणाला, "आजी, चेहरा पाहिलात? नक्की?" म्हटलं, "म्हातारी असेन, आंधळी नाही." लोक हसले. जजसाहेबसुद्धा गालात हसले. टाइप करणाऱ्या बाईने माझे शब्द टकटक उतरवून घेतले, आणि मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. एवढी मोठी इमारत, एवढे काळे कोट, आणि सगळं माझ्या, चौथी शिकलेल्या बाईच्या, एका बोटावर तोललेलं. सुभाषला जन्मठेप झाली. सुभाष त्याचं नाव.

आठ वर्षांनी दुसऱ्याच एका गावात एक माणूस सापडला. एकट्या बायका हेरून मारायचा. टीव्हीवर दिवसरात्र त्याचंच तोंड. त्याने एकेक बाई सांगितली, त्यात आमची शालन. तिचे पैंजण कुठे पुरले ते सांगितलं, तिथेच निघाले. इतक्या बायांचा जीव घेणारा तो राक्षस — आणि शालनबद्दल खरं बोलणारा तोच एकटा. मी चाळीतली सगळ्यांची मावशी. मी काय बोलले होते?

सुभाष सुटला. निकालात माझ्याबद्दल एक ओळ होती, लेकीने मोबाइलवर वाचून दाखवली : साक्षीदाराची चूक प्रामाणिक होती. "सुटलीस गं आई," म्हणाली. एवढं मोठं कोर्ट. पैंजण शोधून काढले, खुनी शोधून काढला. माझ्या पोटातलं मात्र त्याला दिसलं नाही. मी सांगितल्याशिवाय दिसणार तरी कुठून?

मागच्या दिवाळीआधी उल्हासनगरला पापड घ्यायला गेले होते. दुकानातल्या माणसाने स्टूल पुढे केलं. "बसा मावशी. ओळखलंत का मला?"

मी नाही ओळखलं. नीट पाहिलं, तरी नाही. त्याने नाव सांगितलं तेव्हा माझी नजर पहिली कुठे गेली असेल? नखं स्वच्छ होती, गुलाबी.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. चहा मागवला, हळूच म्हणाला, "तुम्ही इतक्या खात्रीने बोट केलंत ना मावशी, की आत असताना मलाच वाटायला लागलं, मी खरंच गेलो होतो की काय तिकडे? आईलासुद्धा वाटलं. ती तसंच मानून गेली." मग विचारलं, "माझ्यासारखाच दिसत होता का हो तो?"

आठ वर्षं जेलात काढलेला माणूस माझ्या चुकीला कारण शोधून देत होता.

मी म्हटलं, "हो रे बाबा. अगदी तुझ्यासारखा. चुकले मी."

त्याने मान डोलावली. पापड बांधून दिले, पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली.

मी पाठ पाहिली होती. आणि मग नखं. चेहरा मी पाहिलाच नव्हता.