न दिलेली पलटी

शांतवन गुरुजी गेल्याचं मला श्रीरामपूरच्या बाजारात कळलं. पेंडीच्या दुकानात उभा होतो, तेवढ्यात त्यांच्या जावयाचा फोन आला. "मामा, पप्पा गेले सकाळी," एवढंच तो बोलला. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलायची मला खूण झाली, तेव्हा मी हात जोडून नकार दिला. जे बोलायचं होतं ते तिथंच बोलायला हवं होतं. आता महिन्याभरानं लिहितो आहे.

गुरुजी आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतरही त्यांचा पाय आमच्या वस्तीवरून निघेना. माझ्या गोठ्यामागं शेणाचा ढीग वर्षानुवर्षं नुसता साचत असे. एकदा त्यांनी त्यात लोखंडी पहार खुपसली, थोड्या वेळानं काढून माझ्या हातात दिली. चटका बसला. "पाटील, तुम्ही याला घाण समजता. आत गाव नांदतंय," ते म्हणाले. मग उकिडवे बसून समजावत राहिले... आधी येतात ते खादाड जिवाणू. मऊ-गोड असेल तेवढं खातात, ढीग तापवतात, आणि ती ऊब त्यांनाच सोसत नाही. मग उष्णता मानवणारे येतात. त्या आचेत रोगाचे जंतू आणि तणाचं बी मरतं. ढीग निवत आला की बुरशी आणि पांढऱ्या भुकटीसारखे दिसणारे जिवाणू काडीकचऱ्याला हात घालतात. मी म्हणालो, "म्हंजे आमच्या ग्रामपंचायतीसारखंच की." "छे! इथं आधीचे वेळेवर जागा सोडतात," गुरुजी म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

एक गोष्ट मात्र ते बजावून सांगायचे. ढीग गार लागला म्हणजे खत झालं असं नाही. आतली हवा आणि ओल संपली तरी तो गार पडतो. ढीग खालीवर उलथून पलटी द्यायची, पाणी मारायचं. पुन्हा तापला तर काम बाकी आहे.

त्यांच्या सांगण्यावरून वस्तीवरच्या चार-पाच घरांनी शेण माझ्या गोठ्यामागं एकत्र टाकलं. मोठा ढीग लागला. मधेच लेकीच्या बाळंतपणासाठी गुरुजींना कोपरगावला जावं लागलं. "दोन पलट्या तेवढ्या द्या," जाताना म्हणाले. मी एकही दिली नाही. माणसं ऊसतोडीला गेली होती हे खरं, पण ते कारण नव्हे. जन्म शेणात गेला, आता ते उलथायचं कसं हे मला दुसऱ्यानं शिकवायचं का, असं वाटत होतं. पहार गार आली, मी "झालं" म्हणालो आणि ट्रॉल्या भरल्या.

ते खत घालून सगळ्यांनी लावलेली कांद्याची रोपं पिवळी पडली, बसली ती उठलीच नाहीत. गुरुजी एसटीतून उतरून थेट वावरात आले. एक रोप उपटून मुळं न्याहाळत राहिले. वस्तीवरचा रंगनाथ म्हणाला, "काय गुरुजी, तुमचं गाव कांद्यात राह्यला आलं व्हय? लई खादाड हाय बगा." सगळे हसले. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "पाटील, पलट्या दिल्या होत्या ना?"

"दिल्या की. दोन्ही."

पाटलाच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही. गुरुजींना दोष द्यायला मात्र कुणाला वेळ लागला नाही. असं का, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचा मी फायदा घेतला.

त्यानंतर गुरुजी यायचे, चहा घ्यायचे, गोठ्यामागं मात्र कधी गेले नाहीत. गावात कुणाला काही शिकवायलाही गेले नाहीत. शेवटच्या भेटीत ते अंथरुणावर होते. म्हणाले, "तो ढीग डोक्यातून जात नाही हो. दोन पलट्या देऊनही कच्चा कसा राहिला? माझंच काहीतरी चुकलं असणार..." तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "जाऊ द्या गुरुजी, जुनी गोष्ट."

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीला, मार्थाबाईंना, सगळं सांगितलं. त्या उठल्या. मग मला परसात घेऊन गेल्या. गोणपाटाखाली एक लहानसा ढीग होता.

"दरवर्षी लावायचे," त्या म्हणाल्या. "मोजून दोन पलट्या द्यायचे. खत कच्चं कसं राहतं ते बघायचं होतं त्यांना. एकदाही राहिलं नाही."

"मग त्यांच्या लक्षात आलं असेल..."

"मीही म्हणायचे तसं. तर ते माझ्यावर चिडायचे. म्हणायचे, पाटील खोटं बोलायचे नाहीत."

आजारपणामुळं त्या ढिगाची दुसरी पलटी राहून गेली होती. मी कोपऱ्यातलं फावडं उचललं. मार्थाबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या. ती मी देईन."

त्या सावकाश ढीग उलथू लागल्या. आतून वाफ आली. मी गोणपाट धरून उभा राहिलो.