तीन-तीन शब्द आणि एक टेबल

टोकियोतल्या एदोगावातल्या आमच्या शनिवारच्या जपानी वर्गात शिकलेले शब्द घरी पोचेपर्यंत गळून जातात, किस्से मात्र साठत राहतात. त्याला कारण जपानीच. एकेका गोष्टीला यांचा एक घरचा शब्द, एक चीनहून आलेला आणि एक इंग्रजीतून उचललेला. बाकीच्या बायका हसून सोडून देतात. मला ते जमत नाही. मोठ्या भूकंपानंतर माझ्या डोक्याला एकच घोर: पुन्हा जमीन हलली आणि पालिकेच्या भोंग्यावरून नेमका मला न येणारा शब्द आला, तर ओवीला घेऊन पळायचं की थांबायचं?

ओवी माझी मुलगी, सहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते.

*

भात वाडग्यात वाढला की 'गोहान', ताटलीत वाढला की 'राइसु'. माझ्या मैत्रिणीने, मेघनाने, आमच्या सत्तरीच्या बाईंना, ओकादा-सेन्सेईंना, विचारलं, "आणि वरण घालून हाताने कालवला तर?"

"जेवायला बोलवा, मग सांगते."

आल्या. दोनदा मागून घेऊन जेवल्या. म्हणाल्या, "हा 'भात'च. याला आमच्याकडे शब्द नाही."

*

मेघना कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइम काम करते. शेजारच्या काउंटरवर कॉलेजातली मुलगी. एप्रन तोच, काम तेच. पण त्या मुलीच्या नोकरीला म्हणतात 'आरुबाइतो', हा जर्मनमधून आलेला; मेघनाच्या नोकरीला 'पातो', हा इंग्रजीतून.

"बघ," मेघना म्हणाली, "लग्न झालं की इथे कामाचंसुद्धा आडनाव बदलतं!"

*

शेवटी मी सेन्सेईंना गाठलंच. "पळायला सांगताना 'हिनान' म्हणतात की 'निगेते'?"

"भोंगा 'हिनान' म्हणेल. शेजारीण 'निगेते' म्हणेल."

"आणि दोघं एकदम बोलली तर?"

सेन्सेईंनी शांतपणे चहा संपवला. "तर मला विचारायला येऊ नका."

*

पुढच्याच शनिवारी, भर वर्गात, सगळ्यांचे फोन एकदम कोकलले. दिवे डुलायला लागले. भोंग्यातून एक बाई गोड आवाजात काहीतरी लांबलचक सांगत होती, आणि मी हॉलच्या मधोमध उभी राहून तिचा एकेक शब्द पकडत होते: हा घरचा, की चिनी?

तेवढ्यात माझा कुर्ता कुणीतरी खाली ओढला. मागे चित्रं काढत बसलेली ओवी केव्हाच टेबलाखाली शिरली होती.

"आई, अर्थ नंतर विचार. आधी खाली ये."

अख्खं वाक्य मराठीत. मी तरी उभीच.

तिच्या शेजारी सेन्सेई डोक्यावर उशी धरून बसल्या होत्या.

"ती सांगतेय ते ऐका," त्या मला म्हणाल्या.

सेन्सेईंना मराठी येत नाही.