डावीकडचं बटण

नव्वदच्या दशकात मी तारापूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो; यंत्रांवरचे मीटर दुरुस्त करायचो. बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि बायको राहायचो. त्याच सुमारास धाकट्या भावाला गावाहून आमच्याकडे आणलं. पंचविशीचा, वडिलांबरोबर होडीवर जाणारा. आधी त्याच्या हातून जाळं सुटायला लागलं, मग चहाचा कप. डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला. औषध विचारलं तर म्हणाले, "हात हलते ठेवा."

म्हणून मी टीव्ही गेम आणला, कॅसेट घालून खेळायचा. पण त्याच्या रिमोटची बटणं बारीक, भावाच्या बोटांना सापडेनात. मी रिमोट उघडला, आत प्रत्येक बटणाच्या जागी वायर सोल्डर केली आणि त्या वायरी एका फळीवर बसवलेल्या दारावरच्या बेलच्या बटणांना जोडल्या. फळी मांडीवर घेऊन तो अंगठ्याने दाबायचा. पहिल्याच दिवशी पडद्यावरचा माणूस खड्ड्यावरून उडाला, तेव्हा तो इतक्या मोठ्याने हसला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

मग बिघाड सुरू झाले. एकदा सगळंच बंद पडलं. कारखान्यांच्या धुरामुळे आमच्याकडच्या हवेत तांबं काळं पडायचं; सांधे घासून पुन्हा सोल्डर केले. पुढे त्याला बटणं जड वाटायला लागली, तर मी आतल्या स्प्रिंगा कापून हलक्या केल्या. त्यावर बटणं दबलेलीच राहू लागली आणि तो माणूस न सांगता उड्या मारून खड्ड्यात पडू लागला. पालघरहून जराशा दाबाने चालणारी बटणं आणून बसवली. काही आठवडे बरे गेले.

एका दुपारी पहिली पाळी करून घरी आलो तर तो म्हणाला, "दादा, डावीकडचं बटण चालत नाय."

मी मल्टीमीटर लावला. बटण दाबलं की मीटर वाजत होता, म्हणजे जोड शाबूत होता. डाव्या-उजव्या बटणांच्या वायरींची अदलाबदल केली. दोष वायरीत किंवा यंत्रात असता तर तो आता उजव्या बटणाकडे जायला हवा होता. भावाला दाबायला सांगितलं. अडत होतं ते डावंच. मग बटणच नवं लावलं. मी दाबलं, चाललं.

"आता बघ."

त्याने डावा अंगठा ठेवला. मनगट थरथरलं, मानेच्या शिरा ताणल्या. बटण खाली गेलंच नाही.

"नाय ना चालत?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "वायर ढिली असंल."

"असेल," म्हणत मी पुन्हा स्क्रू काढायला बसलो. चांगली असलेली वायर तोडली, परत जोडली. कारखान्यात काय बिघडलंय ते कळलं की निम्मं काम व्हायचं. इथे कळलं होतं, आणि पुढे करण्यासारखं काहीच नव्हतं.

आठवडाभर हेच चाललं. रोज तो वायरीचं नाव घ्यायचा, रोज मी फळी उघडायचो. शेवटी तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे, दादा. मशीनला काय नाय झालेलं." मग बायकोला म्हणाला, "वयनी, तुमी खेळा. कुठं उडायचं ते मी सांगतो."

ती कधी खेळली नव्हती. तो "आता! आता!" ओरडायचा आणि तिची उडी उशिरा पडायची. दोघं हसायची. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

पुढच्या महिन्यात तो गावी जायचं म्हणाला. गाडीत उमरोळी स्टेशनच्या आसपास मी विचारलं, "गेम पाठवून देऊ का?"

"तिथं कोन दुरुस्त करनार?" तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

त्यानंतर दोन वर्षं तो होता. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंजवळ वडील त्याला सकाळी उचलून आणून बसवायचे. सुट्टी असली की मी जायचो, शेजारी बसायचो. बोंबलांवर कावळे आले की तो मला सांगायचा, आणि मी उठून हाकलायचो.