रविवारी गर्दी नसते

बहारीनमध्ये रेल्वे नाही. येणार, येणार असं मी इथे आल्यापासून ऐकतो आहे आणि सांगणारा दर वेळी शेवटी इंशाल्ला, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, म्हणतो, त्यावरून काय ते समजावं. मॉलमध्ये लहान मुलांना फिरवणारी एक रंगीत गाडी आहे. तिला डबे आहेत, शिट्टी आहे, फक्त रूळ नाहीत. अशा देशात, जिदहफ्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून, मी जपानच्या रेल्वेनं एका दिवसात समुद्रकाठची जुनी गावं कशी पाहायची याचा बेत आखत होतो. बेत आखायला आपल्याला कुणी शिकवावं असं मला तेव्हा वाटत नव्हतं, कारण तोच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. कारखान्यात मोठ्या दुरुस्तीसाठी यंत्रं बंद करतात, तेव्हा कोणतं काम कुणी, कधी आणि कशाच्या आधी करायचं हे मी ठरवतो. मला प्लॅनर म्हणतात.

कंपनी मला नव्या यंत्राच्या ट्रेनिंगला आठवडाभर योकोहामाला पाठवणार होती. बायको म्हणाली, "आपल्या खर्चानं आम्हीही येतो. आईंना घेऊन. त्यांना त्यांचा बुद्ध दाखवू."

आईचा बुद्ध म्हणजे कामाकुराचा बुद्ध. अकोल्याला आमच्या वस्तीतल्या विहारानं एका वर्षी कॅलेंडर काढलं होतं, त्यावर तो होता. धातूचा, घराएवढा, मागे झाडी आणि डोक्यावर नुसतं आभाळ. वर्ष संपलं तरी आईनं तो कागद भिंतीवरून उतरवला नाही. बाबा सांगायचे की याच्याभोवती पूर्वी मोठं देऊळ होतं, समुद्र आत आला आणि देऊळ घेऊन गेला, हा मात्र बसून राहिला. आई विचारायची, "मंग आपण कधी जाऊ पाह्यले?" बाबा म्हणायचे, "सोय पाहू." बाबा वीज खात्यात होते, सावध माणूस. बोधगयेचंही त्यांनी हेच सांगितलं होतं. गाडीत गर्दी असते, राहायचं ठिकाण नीट नाही, तुझे गुडघे, पुढच्या वर्षी सोय पाहू. एका पावसाळ्यात ते गेले. त्यानंतर आई इकडे आली, तिचं रेसिडेन्सी कार्ड झालं, आणि तो कॅलेंडरचा कागद आमच्या फ्रिजवर चिकटला.

मी बाबांवर गेलेलो नाही, असं मी त्या दिवसांत बायकोला अभिमानानं सांगत असे. मी नुसतं म्हणत नाही, करून दाखवतो.

बेत असा होता. योकोहामाहून सकाळी कामाकुरा. तिथून समुद्राकाठानं घरांच्या परसातून जाणारी छोटी गाडी घेऊन बुद्धाचं स्टेशन. दर्शन. पुन्हा छोट्या गाडीनं एनोशिमा, पुलावरून बेटावर, जेवण, आणि संध्याकाळी ओदावाराचा किल्ला. किल्ला बायकोनं पहिल्याच दिवशी उडवला. "आईंना घेऊन जायचंय की पळवत न्यायचंय?" हा तिचा प्रश्न होता. ती सलमानियाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे आणि दिवसभर नमुने तपासून तिला माझ्यातही दोष लगेच दिसतात.

दिवस कोणता, हा माझ्या मते या बेताचा कळस होता. ट्रेनिंग शुक्रवारी संपत होतं. शनिवारी जावं तर सुट्टीचा दिवस, सगळं जपान बुद्धाकडे लोटणार आणि त्या रेट्यात आईला बसायला काय, उभं राहायलाही जागा मिळणार नाही. म्हणून मी मॅनेजरकडे एक दिवसाची जादा रजा मागितली. रविवारसाठी. लोक कामावर असतील, गाड्या रिकाम्या, आई निवांत बसून हवं तितका वेळ बुद्धाकडे बघेल. मॅनेजरनं कुरकुरत सही केली. सोमवारची परतीची तिकिटं काढली, पैसे परत न मिळणारी, कारण ती स्वस्त असतात. बायकोला मंगळवारी ड्युटीवर हजर व्हायचं होतं.

मग आईची तयारी सुरू झाली. मॉलमध्ये नेऊन मी तिला सरकत्या जिन्यावर चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. जिदहफ्सहून बसनं राजधानीत, मनामाला नेलं, डेपोत दुसऱ्या बसमध्ये बसवलं आणि सांगितलं, "ही समजा छोटी गाडी." आईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पार्किंग होतं आणि त्यापलीकडे बँका.

"अन् हा समजा समुद्र?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं मान डोलावली. गुडघ्याला हात लावत ती प्रत्येक पायरी चढत होती आणि चढून झालं की माझ्याकडे पाहत होती, पास झाले का अशा नजरेनं. ती नजर मला तेव्हा उत्साहाची वाटली.

ऑफिसात माझ्या शेजारी कागदपत्रं सांभाळणारी वसईची एक बाई बसते. कॅथलिक आहे, माझ्यापेक्षा जास्त वर्षं इथे काढलेली. चहाच्या वेळी मी तिला माझा बेत दाखवला, खरं तर मिरवला. तिनं तो शांतपणे वाचला.

"रविवार का रे?"

"वर्किंग डे. गर्दी नसते."

"अरे, जपानात संडे संडेलाच असतो. आम्ही इथे फ्रायडेला चर्चमध्ये मासला जातो, म्हणून काय जगाचा संडे हलला?"

मी बेताचा कागद परत हातात घेतला. "आणि तूच ना," ती पुढे म्हणाली, "दर संडेला बोंबलतो, जपानवाले मेलचा रिप्लाय देत नाय म्हणून?"

देत नाहीत, हे खरं होतं. गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी त्यांना मेल टाकून मी त्यांच्या आळशीपणावर ताशेरे ओढत होतो. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवार आठवड्याचा पहिला दिवस. ते अंगात इतकं मुरलं होतं की रविवारी कुणी घरी बसत असेल हे डोक्यातच आलं नाही. सुट्टीची गर्दी टाळायला मी खास रजा काढली होती आणि ती नेमकी सुट्टीच्या दिवशी.

तिकिटं हलत नव्हती, बायकोची रजा हलत नव्हती. इंटरनेटवर मी त्या छोट्या गाडीचे रविवारचे फोटो पाहिले. फलाटावर माणसांची रांग, रांगेमागे रांग, आणि स्टेशनबाहेरही रांग. मग मी कारखान्यात जे करतो ते केलं. धोके लिहून काढले. आमच्या धंद्यात धोक्यावरच्या उपायांची एक उतरंड असते. हेल्मेट, हातमोजे हे अगदी तळाला. सगळ्यात वरचा, सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे धोकाच काढून टाकणं. पडण्याचा धोका, हरवण्याचा धोका, जिने, संडास, उभं राहणं. एकेका धोक्यापुढे कारण लिहीत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच कारण येत गेलं. रात्री जेवताना मी सुधारित बेत सांगितला. आई योकोहामाला हॉटेलवर थांबेल, खिडकीतून बंदर दिसतं. आम्ही दोघं जाऊ आणि बुद्धासमोरून तिला व्हिडिओ कॉल करू. झकास, सुरक्षित.

बायकोनं घास खाली ठेवला. "म्हणजे धोका काढून टाकायचा म्हणून तुम्ही आईंनाच काढून टाकलं."

आई भाकरीचा तुकडा वरणात बुडवत म्हणाली, "बरं आहे. तुले जे सोईचं." मला हायसं वाटलं, हे इथे सांगितलं पाहिजे. कुणी वाद घातला नाही की माझी अशी समजूत होते की बेत चांगला आहे.

पुढच्या शुक्रवारी बायकोची ड्युटी होती. मी दुपारी जेवून आडवा झालो. उठलो तर घरात आई नव्हती. खालच्या दुकानात नव्हती, शेजारी नव्हती. फ्रिजवरचा बुद्ध जागेवर होता. फोन लावला तर मागे एवढा कोलाहल की तिचं बोलणंच ऐकू येईना.

"मी मनामाले आली आहो," आई ओरडून म्हणाली. "बसनं."

"एकटी? आज? काहून?"

"आज गर्दी असते ना."

शुक्रवारी संध्याकाळी मनामाच्या जुन्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या बेटावरचे कामगार सुट्टीला तिथे उतरतात, फुटपाथवर, पायऱ्यांवर, गल्लीगल्लीत उभे राहून घरी फोन लावतात. मी गाडी काढली, वाटेत दोन वेळा सिग्नलवर शिव्या खाल्ल्या, पार्किंग मिळेना म्हणून लांब कुठेतरी लावली आणि घामाघूम होत गर्दीत शिरलो. मी खूप घाबरलो होतो. शेवटी एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर ती दिसली. तिच्या दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं बसली होती, तिला जागा करून देण्यासाठी एकमेकांना खेटून. हातात कागदी कपातला चहा. कुणी दिला, विचारलं तर तिनं गर्दीकडे हात केला.

"बसमधी उभी होती आधी," ती सांगू लागली, माझ्या चेहऱ्याकडे लक्ष न देता. "मंग एका पोट्ट्यानं उठून जागा देल्ली. उतरताना दुसऱ्यानं हात देल्ला. गुडघे दुखले. दुखतेतच. घरी बसून दुखत नाई का?"

मी म्हटलं, तिथे याहून जास्त गर्दी असेल, भाषा कळणार नाही, पडलीस तर. ती चहा पीत ऐकत होती.

"मी दीक्षाभूमीले गेली तवा का रिकामं होतं? तुले कडेवर घेऊन गेली, रातभर जमिनीवर निजलो, लाखो माणसं. बुद्धापाशी कोणीच नसलं तर मलेच चुकल्यावानी वाटन."

अशा वेळी काय बोलायचं हे बेतात लिहिलेलं नसतं. मी सरळ सांगितलं, "मला भीती वाटते, आई."

"तुह्या बाबाले बी वाटे." तिनं कप रिकामा केला आणि माझ्या खांद्याला धरून उठली. "सोय पाहू, सोय पाहू मनता मनता ते गेले. मी अजून आहो ना."

मी गाडीकडे वळलो तर ती डेपोच्या दिशेनं चालू लागली होती. बसनं आली होती, बसनंच जाणार होती. मी गाडी तिथेच ठेवली. बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली, मला मिळाली नाही. जिदहफ्सपर्यंत मी तिच्या सीटला धरून उभा राहिलो.

"रविवारचं नक्की?" तिनं मान वर करून विचारलं.

"नक्की," मी म्हटलं. इंशाल्ला म्हणालो नाही.